जन्मखुणेचा डाग आणि लेसरचा उपचार : सभासदांसाठी थोडी माहिती



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय शेताबाहेरचा आहे, पण शेतकऱ्याच्या घरातलाच आहे. लागणीच्या नोंदी घ्यायला आमचे ॲग्री ओव्हरसियर आणि स्लिप बॉय गावोगाव फिरतात. नोंद होते, चहा येतो आणि मग उसाखेरीज चार गोष्टी निघतात. त्यांत हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो : "साहेब, पोरीच्या गालावर जन्मापासून डाग आहे. लेसरनं जातो म्हणतात. खरं आहे का ते? का नुसतंच पैसं जायाचं?"

आम्ही काही डॉक्टर नव्हे, शेतीचा डिप्लोमा केलेली माणसे. परंतु या प्रश्नामागे घराघरांतली काळजी आहे. शाळेत मुलीला चिडवतात, पुढे स्थळ बघताना अडते, आणि मग ऊसबिलाची रक्कम हातात आली की कोणीतरी सांगितलेल्या ठिकाणी माणूस धावतो. म्हणून वाचून, जाणकारांना विचारून जे खात्रीचे कळले ते येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

डाग पडतो कशामुळे?

पहिली गोष्ट, यात आईचा दोष नाही. ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली, भाजी चिरली, म्हणून बाळाच्या अंगावर डाग आला, हे बोलणे आजही ऐकू येते. त्यात तथ्य नाही. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. त्या 'मेलॅनिन' नावाचे काळपट रंगद्रव्य तयार करतात. बाळ पोटात वाढत असताना या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून कातडीच्या वरच्या थरात जाऊन बसतात. काही पेशी वाटेतच खोल थरात अडकल्या, किंवा एका जागी जास्त झाल्या, की तेथे डाग दिसतो. ग्रहणाचा, नजर लागण्याचा किंवा मागच्या जन्मीच्या पापाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सुनेला बोल लावणे आधी बंद करावे.

डागाच्या रंगावरून त्याच्या खोलीचा अंदाज येतो. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो. तेच खोल असेल तर डाग निळसर किंवा राखी दिसतो. उजेड कातडीतून जाताना विखुरतो, त्यामुळे खोलवरचा काळा रंग वरून निळा भासतो.

सगळे डाग एका जातीचे नव्हेत

तण ओळखल्याशिवाय आपण तणनाशक आणत नाही. तसेच डागाची जात ओळखल्याशिवाय उपचाराला हात घालू नये. मुख्य जाती अशा :

१) तान्ह्या बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर डाग. आपल्याकडे हे फार आढळतात. याला 'मंगोलियन डाग' असे नाव पडले. मार लागल्यासारखा दिसतो, म्हणून घरात उगाच संशय येतो. बहुतेक मुलांत तो शाळेत जाण्याच्या वयापर्यंत आपोआप फिका होतो. याला काहीही करू नये.

२) दुधाच्या चहाच्या रंगाचा सपाट डाग. एखाददुसरा असला तर धोका नाही. मात्र लहान मुलाच्या अंगावर असे अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे सहा अगर जास्त डाग दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते.

३) जन्मतःच असलेला काळा, जाडसर, बहुधा केसाळ मस. हा लहान असतो तसा फार मोठाही असतो. मोठ्या मसात पुढे कातडीच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणून त्यावर डॉक्टरांची नजर राहिली पाहिजे.

४) वयात येणाऱ्या मुलांच्या खांद्यावर, छातीवर पसरणारा तपकिरी केसाळ पट्टा. निरुपद्रवी असतो, पण लेसरला दाद कमी देतो.

५) चेहऱ्याच्या एका बाजूला, कपाळ, डोळ्याभोवती आणि गालावर निळसर-राखी डाग. याला 'ओटाचा डाग' म्हणतात. जपानचे त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी १९३९ मध्ये याचे वर्णन केले. हे गृहस्थ किनोशिता मोकुतारो या नावाने कविताही लिहीत. हा डाग आशियाई लोकांत आणि त्यातही बायकांत जास्त आढळतो. काहींना जन्मापासून असतो, काहींना वयात येताना उमटतो. तो आपोआप जात नाही. पोरीच्या गालावरचा डाग म्हणून आम्हाला जे विचारतात, त्यांत हा बराच असावा असे वर्णनावरून वाटते.

लाल किंवा जांभळट डाग असतो तो रक्तवाहिन्यांचा, रंगद्रव्याचा नव्हे. त्याचे लेसर वेगळे असते. तो विषय येथे घेतलेला नाही.

लेसर म्हणजे काय आणि ते काम कसे करते?

लेसर लेव्हलरने रान सपाट करताना आपण तो लाल किरण पाहिला आहे. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एका रेषेत जाणारा उजेड. १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. पुढच्या काही वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो कातडीवर वापरून पाहिला. पण सुरुवातीच्या लेसरने डागाबरोबर आजूबाजूची कातडीही भाजत असे.

वाट सापडली ती १९८३ मध्ये. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी एक तत्त्व मांडले. ते ऊस उत्पादकाला लवकर समजेल. उसात आपण २-४ डी मारतो तेव्हा रुंद पानांचे तण मरते आणि ऊस राहतो, कारण औषध निवडून मारते. तसाच उजेडाचा असा रंग निवडायचा की तो मेलॅनिनने शोषून घ्यावा आणि बाजूच्या भागाने कमीत कमी शोषावा. ही झाली पहिली अट.

दुसरी अट वेळेची. बेण्याला उष्णजल प्रक्रिया देताना ५० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवतो. तपमान किंवा वेळ वाढली तर रोगाबरोबर डोळाही मरतो. लेसरमध्ये ही वेळ अतिशय थोडी असते. रंगद्रव्याचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. तो तापून फुटला पाहिजे, पण उष्णता शेजारी पसरायच्या आत किरण बंद झाला पाहिजे. म्हणून 'क्यू-स्विच' जातीच्या लेसरचा झोत काही नॅनोसेकंदच टिकतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. कण फुटला की त्याचा भुगा शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात. म्हणूनच डाग त्याच दिवशी जात नाही. पुढे कित्येक आठवडे तो फिका होत राहतो.

आपल्या सावळ्या कातडीची गोष्ट

येथे सभासदांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्या कातडीत मुळातच मेलॅनिन जास्त. डागातल्या रंगासाठी सोडलेला किरण वरच्या निरोगी कातडीलाही लागू शकतो. २-४ डी वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेवर उडाले की काय होते ते आपणांस ठाऊक आहे. तसेच हे. म्हणून खोल डागासाठी आपल्या कातडीवर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा 'एनडी-याग' लेसर पसंत करतात. तो खोल जातो आणि वरच्या थरातले मेलॅनिन त्याला कमी शोषते. ६९४ नॅनोमीटरचा रुबी व ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट हेही वापरात आहेत, पण सावळ्या कातडीवर ते जास्त जपून वापरावे लागतात. अलीकडे याहूनही थोड्या वेळाचे 'पिको' लेसर निघाले आहेत.

जोर चुकला तर जागा आधीपेक्षा काळी पडते, किंवा उलट पांढरे ठिपके उमटतात. आमच्या एका गटातील सभासदाच्या मुलीचे असेच झाले. शहरातल्या एका ठिकाणी तिच्यावर लागोपाठ दर पंधरा दिवसांनी जोराचे लेसर मारले. निळा डाग थोडा गेला, पण त्यात पांढरे टिपके पडले. ते कोड आहे असे समजून नात्यातल्या लोकांनी आणखी दूर धरले. ते कोड नव्हते. पण लोकांचे तोंड कोण धरणार?

गुण किती येतो?

ओटाच्या डागाला लेसर चांगला लागू पडतो. १९९४ मध्ये जपानी डॉक्टर वातानाबे व ताकाहाशी यांनी ११४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात चार-पाच वेळा उपचार घेतलेल्या बहुतेकांचा डाग चांगलाच फिका झाला. सावळ्या कातडीवर जोर कमी ठेवावा लागतो, त्यामुळे बैठका वाढू शकतात. दोन बैठकांत साधारण दोन-तीन महिन्यांचे अंतर हवे. म्हणजे हे काम वर्ष-दोन वर्षांचे, आडसाली उसासारखे. सहा महिन्यांत तोडणी होणार नाही. लहान वयात उपचार झाल्यास बैठका कमी लागतात असा अनुभव आहे, मात्र लहान मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागते. तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून करावा.

दुधाच्या चहाच्या रंगाच्या डागाचे मात्र निश्चित सांगता येत नाही. काहींचा जातो, पण पुष्कळांचा काही महिन्यांनी परत येतो. लव्हाळा वरून खुरपला आणि गाठ जमिनीत राहिली, तसला हा प्रकार. केसाळ मसाच्या पेशी खोलवर असतात. लेसरने वरचा रंग गेला तरी खालच्या पेशी राहतात, आणि पुढे त्यात काही बिघाड झाला तर तो लवकर लक्षात येत नाही. म्हणून असा मस काढायचाच असेल तर बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. काढलेला तुकडा तपासणीलाही पाठवता येतो.

डोळ्याची तपासणी विसरू नका

ओटाच्या डागात पुष्कळदा डोळ्याचा पांढरा भागही निळसर असतो. तेथे हा कातडीचा लेसर चालत नाही. परंतु अशा काही माणसांत डोळ्यातला दाब वाढतो, म्हणजे काचबिंदू होतो. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, नजर गुपचूप खातो. डाग ठेवा अथवा काढा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दरवर्षी तपासणी झालीच पाहिजे. चेहऱ्यापेक्षा डोळा मोठा.

उपचाराच्या वेळी काय होते?

बधिर करणारे मलम तास-दीड तास आधी लावतात. रबर ताणून सोडल्यावर चटका बसावा तसे लागते. डोळ्यांवर संरक्षक झाकण घालतात, आणि खोलीतल्या प्रत्येकाने खास चष्मा लावायचा असतो. हे ज्या ठिकाणी नसेल तेथून सरळ उठून यावे. किरण लागलेली जागा क्षणभर पांढरट होते, मग सुजते. नंतर पातळ खपली धरते, ती आठ-दहा दिवसांत आपोआप पडते. खपली नखाने काढू नये. हे किरण क्ष-किरणांच्या जातीचे नव्हेत, त्यामुळे क्ष-किरणांसारखा धोका त्यात नाही.

ऊन मात्र कटाक्षाने टाळावे. आपल्या लोकांना हेच अवघड. उपचार चालू असताना भर उन्हात भांगलण करायला मुलगी गेली, तर जागा काळी पडलीच म्हणून समजा. डॉक्टर देतील ते उन्हाचे मलम लावावे, पदर किंवा रुमाल बांधावा. शक्यतो पहिली बैठक ऊन कमी असताना ठरवावी.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१) प्रथम त्वचारोगाची पदवी असलेल्या, नोंदणीकृत डॉक्टरांकडून डागाची जात ठरवून घ्यावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. तेथे आधी जावे.

२) कोणता लेसर, किती बैठका, किती अंतर आणि एकूण खर्च किती, हे आधी विचारावे. सगळे पैसे एकदम भरू नयेत. आधी लहानशा जागेवर किरण मारून पाहावा आणि काही आठवडे थांबून निकाल बघावा.

३) "एका बैठकीत शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नये.

४) चुना-सोडा, बिब्बा, ॲसिड लावून डाग जाळू नये. त्याने व्रण पडतो, तो लेसरनेही जात नाही.

५) औषधाच्या दुकानातून गोरेपणाचे मलम परस्पर आणून लावू नये. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते.

६) कोणताही काळा डाग वा मस अचानक वाढला, रंग बदलला, त्यातून रक्त आले किंवा व्रण झाला, तर लेसरचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब तपासणी करावी.

शेवटी एक सांगावेसे वाटते. जन्मखूण हा संसर्गाचा रोग नव्हे. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने ती कोणाला लागत नाही. उपचार घ्यायचा तर मुलीला स्वतःला हवा आहे म्हणून घ्यावा, पाहुण्यांना दाखवण्यासाठी नव्हे. आणि स्थळ बघायला जाणाऱ्या सभासद बंधूंनीही मुलीचा गाल बघण्याआधी तिचे शिक्षण आणि स्वभाव विचारला, तर पुष्कळ घरांतली निम्मी काळजी लेसरशिवायच दूर होईल.

पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्याचे खत व्यवस्थापन घेऊ.

— ऊस विकास अधिकारी