नोटिशीच्या मधली ओळ

पीएम किसानच्या वसुलीची नोटीस आली की माणूस आधी शेवट वाचतो: रक्कम न भरल्यास सातबाऱ्यावर बोजा. मग आकडा. अपात्र का ठरवलं, ती मधली ओळ घाबरल्या डोळ्यांतून सुटते. अशा नोटिशींची उत्तरं लिहून देताना मी आधी तीच ओळ मोठ्याने वाचून दाखवतो.

एका काकांच्या नोटिशीत तिथे ‘आयकर भरणारा’ असं होतं. मागणी सात हप्त्यांची, 14,000 रुपयांची. “दादा, मी कुठला आलो टॅक्स भरणारा?” दोन एकर कोरडवाहू. विचारता विचारता कळलं की ट्रॅक्टरच्या कर्जासाठी मुलाने त्यांच्या नावाने तीन वर्षं रिटर्न भरलं होतं. नियम मात्र मागच्या कर निर्धारण वर्षात कर भरलेल्याला वगळतो, नुसतं रिटर्न भरलेल्याला नाही. 2019-20 या आर्थिक वर्षापासून पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य व्हायचा. कापलेला टीडीएस परत मिळवायचा तरी रिटर्न भरावंच लागतं.

रिटर्नची पोचपावती इथे उपयोगाची नाही. आयकर विभागाकडून कलम 143(1)ची जी सूचना येते, ती लागते. मुलाच्या ईमेलमध्ये तिन्ही वर्षांच्या सूचना निघाल्या. देय कराच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी शून्य. त्या ओळींखाली पेनाने रेघ मारली, प्रती जोडल्या आणि अर्जात विचारलं: कोणत्या वर्षी किती कर भरल्याचं आढळलं, ते लेखी कळवावं. हे न सांगता वसुली काढणं मला अन्यायाचं वाटतं. पुरावा आधी मागणाऱ्याने द्यायला हवा.

सगळ्याच नोटिसा चुकीच्या नसतात. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं. एका जोडप्याच्या दोन वेगळ्या सातबाऱ्यांवर दोघांनाही पैसे आले होते, आणि नोटीसही दोघांना. तिथे वाद घातला नाही. पत्नीची रक्कम परत करतो, पतीचा लाभ चालू ठेवावा, एवढंच लिहिलं. पण रक्कम पासबुकाशी ताडून पाहिली. नोटिशीत सात हप्ते, पासबुकात सहाच जमा. मागणी 12,000वर आणण्याची विनंती पासबुकाच्या छापील पानांसह केली. सोयाबीन निघेपर्यंत हाती पैसा नव्हता, म्हणून तारखा आणि रकमा घालून हप्ते पाडून मागितले. नुसतं ‘सवलत द्यावी’ लिहिलेल्या अर्जावर साहेबाला निर्णय देता येत नाही. पैसे भरायचे ते सरकारी खात्यातच, आणि पावतीवर लाभार्थ्याचा नोंदणी क्रमांक तपासून घ्यायचा. रोख कुणाच्याही हाती द्यायची नाही, गावातला ओळखीचा असला तरी.

अर्जाची दुसरी प्रत आवक शिक्क्यासाठी. काकांना टेबलावरून सांगितलं, “ठेवून जा, बघतो.” ते शिक्का मिळेपर्यंत हलले नाहीत. पुढे तारीख विचारायला गेले, तेव्हा त्या शिक्क्यावरच्या आवक क्रमांकामुळे अर्ज सापडला.

त्यांची वसुली रद्द झाली. हप्ता मात्र सुरू झालेला नाही, कारण अपात्रतेचा शेरा काढायला वेगळा अर्ज लागतो. 2023पासून राज्याचे नमो शेतकरी योजनेचे 6,000ही याच यादीवर मिळतात, म्हणजे शेरा राहिला तर वर्षाला 12,000 जातात. तो अर्ज आम्ही दिला आहे, त्याचाही आवक क्रमांक काकांकडे आहे.