उभं रान जाळताना

शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर, मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठाला इंडियाना ड्यून्सचं राष्ट्रीय उद्यान आहे. टेकड्या सगळ्या वाळूच्या, त्यांवर काळ्या ओकचं विरळ रान. १८९९ मध्ये हेन्री काउल्स यांनी वनस्पती एकमेकींची जागा कशी घेतात हे मांडलं, ते याच टेकड्या पायाखाली घालून. एप्रिलमधल्या एका सकाळी मी इथली जाळणी बघायला रस्त्याकडेला उभा होतो. कोकणातल्या माणसाला राब भाजणं ठाऊक असतं. पण उभं रान मुद्दाम पेटवायचं म्हटल्यावर पोटात गोळा आलाच.

पिवळ्या शर्टातल्या माणसांनी आधी वारा पाहिला, आर्द्रता मोजली. जाळरेषा साफ होती. वारा ज्या कडेला जात होता तिथूनच पहिली आग लावली, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध सावकाश रांगते. हातातल्या डब्याच्या नळीतून डिझेल-पेट्रोलचं मिश्रण पेटत थेंबथेंब गळत होतं. ओकची गेल्या वर्षीची पानं वाळून पापडासारखी वळलेली. मधून हवा खेळते, म्हणून ती चटकन धरतात. ज्वाळा जेमतेम गुडघ्याएवढ्या.

धूर विरल्यावर जाळरेषेशी वाकून राखेत बोट खुपसलं. वर कोमट, पेरभर खाली गार, ओलसर वाळू. ओकचा सारा भरवसा या गारव्यावर. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून मुळं खोल जातात. वरचं रोप जळालं तरी खालून नवे फुटवे येतात. वर मनगटाएवढं दिसणारं झाड जमिनीखाली कितीतरी जुनं असू शकतं. आग थांबवली, की पातळ सालीचा लाल मेपल शिरतो, सावली दाटते आणि उन्हाचं भुकेलं ओकचं रोप खुरटतं.

मे महिन्यात परत गेलो. काळ्या जमिनीवर लुपिनचे निळे तुरे उभे होते. कार्नर ब्लू या नखाएवढ्या फुलपाखराच्या अळ्या फक्त याच झाडाची पानं खातात. १९४४ मध्ये त्याचं वर्णन केलं कादंबरीकार नाबोकोव्ह यांनी. मी पानं उलटून पाहिली. अळी नव्हतीच, इथून ते फुलपाखरू नाहीसं झालंय. पान मात्र कोवळं, वाट बघत असल्यासारखं.