दीड हजारांचा उंबरठा

पाथर्डीला आमच्या शेजारच्या गल्लीत एक बाई राहतात. नवरा जाऊन सहा वर्षे झाली, पदरात दोन मुली. संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार रुपये दरमहा खात्यावर येतात. परवा मी त्यांना एका वसतिगृहातले स्वयंपाकाचे काम सुचवले. पगार चार हजार. वाटले, बाई खूष होतील. त्या म्हणाल्या, "ताई, सुट्ट्या लागल्या की ते काम बंद. तोवर अनुदान गेलं, तर परत कोण देणार?"

खरे सांगते, मला रागच आला. 'फुकटाची सवय लागली' असे आपण किती सहज म्हणतो! पण रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि राग ओसरला.

ही योजना १९८० सालची. २०२३ पासून तिची रक्कम दीड हजार झाली. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५०. चार हजारांच्या पगारात ही मर्यादा सहाव्या महिन्यातच ओलांडते.

आपला नगर जिल्हा दुष्काळाला सरावलेला. १९७२ च्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडून चूल पेटती ठेवली. त्याच अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, पुढे २००५ साली देशासाठी कायदा आला. त्यात ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. २०२५-२६ साली महाराष्ट्रातली मजुरी होती ३१२ रुपये. शंभर दिवसांचे होतात ३१,२००! सरकारच्या एका हाताने दिलेले काम पुरते केले, तर दुसऱ्या हाताच्या अनुदानाची मर्यादा अडुसष्टाव्या दिवशीच मोडते.

बाई आळशी नाहीत. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे. पगार दोन दिवस उशिरा आला तरी चालेल, पण तो कायमचा थांबला, तर पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरीची वाट. त्या वाटेवर मुलींच्या वह्या कोण घेणार?

काम लागल्यावर वर्षभर अनुदान चालू ठेवावे, मग हळूहळू कमी करावे, आणि काम सुटले तर जुन्याच कागदांवर ते पुन्हा सुरू व्हावे. एवढे झाले, तर बाई उंबरठा ओलांडतील. तोवर त्यांना धीट व्हा म्हणण्याचा अधिकार मला नाही.