जिवतीच्या डोंगरातली गुफा : आधी घर कुणाचं?

चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका म्हटला की माणिकगडचे डोंगर, कापसाची शेतं, गोंड-कोलामांचे गुडे आणि उन्हाळ्यातली पाणीटंचाई आठवते. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही दावा सांगतात अशी १४ गावंही इथेच आहेत. त्यातल्या शंकरलोधीच्या डोंगरात नैसर्गिक गुफा आहे. तिथे महादेवाचं ठाणं असल्याने भाविक आणि पर्यटक दोन्ही राज्यांतून येतात.

अशा गुफा बनतात कशा? या भागात चुनखडी भरपूर आहे, म्हणूनच गडचांदूर परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हलकं आम्लधर्मी होतं. ते भेगांमधून झिरपत चुनखडी थोडी थोडी विरघळवतं. हजारो-लाखो वर्षांत भेगेची पोकळी होते, पोकळीची गुफा होते.

बाहेर पारा ४५ अंशांपुढे गेला तरी खोल गुफेत बराच गारवा टिकतो. त्यामुळे जंगलातल्या गुफांमध्ये वटवाघळं, साळिंदर, अस्वल, कधी बिबट्याही आसरा घेतात. अस्वलाची मादी साधारण हिवाळ्यात अशाच जागी पिल्लं देते आणि पहिले दोन-तीन महिने त्यांना सोडून फारशी लांब जात नाही. नेमके हेच सहलीचे दिवस! पिल्लांजवळ अचानक माणूस आला तर ती हल्ला करणारच. त्यात तिचा काय दोष?

वटवाघळांना लोक अपशकुनी समजतात आणि धूर करून हाकलतात. पण कीटक खाणारी वटवाघळं पिकांवरचे कीटकही फस्त करतात. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. एकदा वसाहत उठली की पुन्हा भरायला कित्येक वर्षं लागतात. शिवाय त्यांच्या साचलेल्या विष्ठेत वाढणाऱ्या एका बुरशीमुळे माणसाला फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणजे त्यांना न छेडण्यात आपलाही फायदाच आहे.

मग जायचंच नाही का? जरूर जा, पण गावातला माणूस सोबत घ्या. सकाळी लवकर आणि संध्याकाळी टाळा. तोंडाशी ताजे ठसे किंवा विष्ठा दिसली तर मागे फिरा. आत मशाल, फटाके, आरडाओरडा नको. पाण्याच्या जागी प्लास्टिक टाकू नका, उन्हाळ्यात जनावरं तिथेच येतात.

आपण तासाभराचे पाहुणे, त्यांचं मात्र ते घर आहे. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.