अठ्ठ्यांची जोडी : आधार की सापळा?

दिवाळीच्या रात्री वाशी-नेरुळच्या घरांत तीनपत्ती खेळणाऱ्याला हाती आलेली अठ्ठ्यांची जोडी मोठा आधार वाटते. तोच खेळाडू पनवेलहून कोकण रेल्वेने गोव्याला जाऊन मांडवीतील तरंगत्या कॅसिनोत पोकर स्पर्धेला बसला, तर याच जोडीपायी लवकर बाद होण्याचा संभव असतो. गोव्याची वाट धरावी लागते, कारण महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैशांवरील ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला.

'टेक्सास होल्डेम' प्रकारात प्रत्येकास दोन बंद पाने मिळतात. सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने टेबलावर उघडली जातात. त्यांपैकी पहिली तीन एकदम. कोणतीही जोडी हाती येणे सरासरी १७ डावांतून एकदाच घडते. त्यामुळे सत्तीपासून दश्शीपर्यंतची मध्यम जोडी आली, तरी ती सोडवत नाही. गणित मात्र वेगळे सांगते. हाती अठ्ठ्या असताना पहिल्या तीन पानांत अठ्ठीहून मोठे निदान एक पान येण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के असते. तिसरी अठ्ठी येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के.

एक्का-राजा धरून बसलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे अठ्ठ्या साधारण ५५ टक्के वेळा जिंकतात. मोठ्या जोडीपुढे पाचांतून एकदाच. नऊ जणांच्या टेबलावर आपण सर्वांत आधी बोलणार असू, तर उरलेल्या आठांपैकी एखाद्याकडे मोठी जोडी असण्याची शक्यता सुमारे २१ टक्के असते. मागे दोघेच उरले असतील, तर ती सहा टक्क्यांवर येते. म्हणूनच पान तेच असले, तरी जागा बदलली की त्याचे मोल बदलते.

स्पर्धेत आणखी एक अडचण असते. गमावलेल्या चिप्स खिशातून भरून काढता येत नाहीत. चिप्स संपल्या की, पुनर्प्रवेशाची सोय नसल्यास, स्पर्धा संपली. त्यामुळे समोरच्याने रक्कम वाढविल्यास ती आपल्या आणि त्याच्याही चिप्सच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याच्या आत असेल, तरच तिसऱ्या अठ्ठीच्या आशेने डावात राहावे. ती आली नाही आणि टेबलावर राजा-राणी दिसू लागली, की जोडी निमूटपणे खाली ठेवावी.

सावधपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. जवळ मोठ्या ब्लाइंडच्या दहापटच चिप्स उरल्या असतील आणि आधी कोणी रक्कम वाढविली नसेल, तर अठ्ठ्यांवर सर्वस्व लावणेच योग्य ठरते. वाट पाहण्यात ब्लाइंडच उरलेले गिळून टाकतात.

आणि तरीही दैव उरतेच. २००३ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक मालिकेतील मुख्य स्पर्धेत फिल आयव्हीकडे नव्व्यांची जोडी होती, तर ख्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी. चौथे पान नव्वी आले व आयव्ही पुढे गेला. पाचवे पान एक्का निघाले आणि तो दहाव्या क्रमांकावर बाद झाला. मनीमेकरने पुढे २५ लाख डॉलरचे पहिले पारितोषिक जिंकले. योग्य खेळूनही हरावे लागते, ते असे. म्हणूनच गोव्याची गाडी पकडताना, गमावले तरी घरखर्चाला झळ पोहोचणार नाही एवढीच रक्कम जवळ ठेवणे, ही पहिली सावधगिरी.