शिमगा ते मिरग : कोकण किनाऱ्याचे घाईचे महिने

कोकण किनाऱ्यावर शिमगा उलगडला की पुढच्या सगळ्या कामांना एकच मुदत असते, ती म्हणजे मिरग, मृग नक्षत्राची सुरुवात. पाहुण्यांच्या सुट्टीचे हे दिवस गावकऱ्यांच्या सर्वांत घाईचे. पाऊस जून ते सप्टेंबर ठाण मांडून बसतो, तेव्हा वाळवायचं, शाकारायचं, विकायचं ते सगळं त्याआधीच उरकावं लागतं.

मार्च तापतो, मे घामेजतो

किनाऱ्यावरची हवा वाऱ्याच्या तालावर चालते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलटे समुद्राकडे वाहतात. मार्चमध्ये घाटमाथ्यावरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे अजून जोरात असतात. ते खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतात आणि दुपार होईपर्यंत पारा चढत राहतो. मुंबईत सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली, ती मे महिन्यात नव्हे, हे लक्षात घ्या. हवामान खातंही किनारपट्टीवर 37 अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं. मैदानी भागासाठी हा आकडा 40 आहे.

मे महिन्यात खारा वारा लवकर सुटतो, पारा बहुधा तेहतीस-चौतिसाच्या आसपास थांबतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि रात्रही उकाड्यात जाते. घाटावरच्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात. दोन दिवस राहिला की वाटेनासे होतात.

पालख्या आणि कासवं

रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याचे दोन प्रकार आहेत. त्रयोदशीला होळी करणारे तेरसे आणि पौर्णिमेला करणारे भद्रेचे. होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, आणि त्या दिवशी मुंबईचा चाकरमानी घरी नसला तर ते पुढे वर्षभर ऐकावं लागतं.

याच सुमारास वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात. माद्या मुख्यतः हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर. दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, जास्त ऊब मिळाली तर माद्या अधिक. वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने 2002 पासून कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं. पिल्लं सहसा पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात, त्यामुळे दुपारी गाडीतून उतरून 'कासव दाखवा' म्हणण्यात अर्थ नाही.

चौदा आणे आंबा

मोहोरापासून हापूस काढणीला यायला साधारण चार महिने लागतात. या काळात हवामान बागायतदाराला नाना तऱ्हांनी छळतं. फेब्रुवारीत थंडी लांबली तर पुन्हा मोहोर येतो आणि झाड आधीची कैरी गाळतं. मार्चमध्ये ऊन अचानक वाढलं तर फळ भाजतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला तर डाग आणि फळमाशी. म्हणून आंबा पूर्ण पिकायची वाट न पाहता 'चौदा आणे' तयार झाला की झेल्याने उतरवायचा आणि गवतात आढी घालायची. पाडव्याच्या आसपास पेटीला चांगला भाव असतो. मे सरत आला की तोच आंबा कॅनिंगला किलोवर जातो. खरेदीदाराने घाई करू नये असं माझं मत, कारण भरपूर आणि परवडणारा हापूस बहुधा मेच्या पहिल्या पंधरवड्यात मिळतो. 2018 मध्ये कोकणातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. 'देवगड'ची पाटी लावून दुसराच आंबा विकायची रस्त्यावरची कला मात्र त्याने थांबलेली नाही.

अंगणातली आगोट

पावसाळ्यासाठी भरून ठेवायची बेगमी म्हणजे आगोट. अंगणं, गच्च्या, कोळीवाड्यांतले ओटे सगळे भरलेले. एकीकडे आंब्याची साठं, फणसपोळी, कुरडया; दुसरीकडे जवळा, सोडे, बोंबील. यात सर्वांत नाजूक काम आमसुलांचं. कोकमाची सालं त्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची, आणि फळ पिकतं ते नेमकं एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर. 2025 साली मोसमी पाऊस 25 मेलाच सिंधुदुर्गात उतरला, तेव्हा वाळवणाच्या हिशेबातले दहा-बारा दिवस कापले गेले.

शेतात त्याच वेळी भाजावळ उरकलेली असते. भाताचा तरवा करायची जागा पालापाचोळा, शेण जाळून भाजून घ्यायची. विहिरींनी मात्र तळ गाठलेला. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मेमध्ये टँकर फिरतात, कारण जांभ्यात मुरलेलं पाणी टिकत नाही आणि उरलेलं उतारावरून थेट खाडीत जातं.

समुद्र केव्हा फिरतो

मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येकडून मोठ्या लाटा येऊ लागतात. हिवाळ्यात साठलेली पुळणीवरची वाळू त्या ओढून नेतात, किनारा खड्या उताराचा होतो आणि परतीच्या पाण्याची ओढ वाढते. वर आकाश निरभ्र असलं तरी हे घडतं, म्हणून नवख्या पाहुण्याचा घात होतो. अशा वेळी स्थानिकांनी नको म्हटलं की पाण्यात उतरू नये, भरती-ओहोटीचं कोष्टक खिशात असलं तरी. चक्रीवादळांचाही हाच हंगाम. 'निसर्ग' 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवून गेलं. 'तौक्ते' 2021 च्या मेमध्ये किनाऱ्याला समांतर गेलं, तरी आंबा गळालाच.

मालवणचं सिंधुदुर्ग किल्ल्याचं आणि मुरूडचं जंजिऱ्याचं होडीने जाणं-येणं मेअखेरीच्या सुमारास बंद होतं. तळ पाहायला पाण्यात उतरणाऱ्यांनी त्याआधी बरंच लवकर यावं, लाटांनी पाणी ढवळलं की काही दिसत नाही.

होड्या वर, पेरा खाली

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, बिनयांत्रिक छोट्या होड्यांना खाडीच्या आसपास मुभा राहते. बंदी सरकारी तारखेला उठते, पण अनेक कोळी कुटुंबं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, मग ती पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस का येईना.

7-8 जूनला मृग लागतो. मालवणी घरांत त्या दिवशी कोंबडी-वडे शिजतात, आणि पाऊस आला असला-नसला तरी भाताचं बियाणं बाहेर काढलं जातं.