एका ‘ई’ची उसनवारी

कागद-पेन्सिल घ्या आणि फ्रेंच अक्षरांना आकडे द्या. ‘ए’ ते ‘आय’ म्हणजे १ ते ९. ‘जे’ गाळायचा. ‘के’ १०, ‘एल’ २०, ‘एम’ ३०, असं दहा-दहानं चढत ‘झेड’ १६०. आता ‘सम्राट नेपोलियन’ फ्रेंचमध्ये लिहून बेरीज करा. उपपदासकट ‘सम्राट’चे ४००, ‘नेपोलियन’चे २६६, एकूण ६६६. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, ‘प्रकटीकरणा’च्या तेराव्या अध्यायात, श्वापदाचा म्हणून दिलेला आकडा हाच.

टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मधला पियेर बेझुखॉव्ह १८१२ साली हे गणित एका फ्रीमेसन बंधूकडून शिकतो. मी ते स्वतः करून पाहिलं. जमतं, पण एका अटीवर. फ्रेंचमध्ये स्वरापुढे ‘ल’ या उपपदातला ‘ई’ गळतो, आणि इथे तो मोजावाच लागतो. नाहीतर बेरीज ६६१ वर अडते. पियेर मग स्वतःचं नाव त्याच आकड्यात बसवायला निघतो. ‘रशियन बेझुखॉव्ह’ची बेरीज ६७१ भरते, म्हणून तो उपपदातला ‘ई’ गाळतो. या जागी तो गाळायचा नसतो, हे त्यालाही ठाऊक आहे. सम्राटासाठी पाच उसने घेतले, स्वतःसाठी पाच सोडून दिले. आपल्याकडे कटपयादीतही अक्षरांतून आकडे निघतात, पण तिथे नियम आधी ठरतो आणि शब्द नंतर येतो.

याला कादंबरीकाराची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. ‘प्रकटीकरणा’च्या नवव्या अध्यायात टोळधाडीचा एक राजा येतो. हिब्रूत त्याचं नाव अबद्दोन, ग्रीकमध्ये अपल्लुओन, म्हणजे नाश करणारा. त्याच्यापुढे एक ‘न’ लावला की काय ऐकू येतं ते सांगायला नको. १८०६ च्या डिसेंबरात रशियन चर्चच्या पवित्र धर्मसभेनं नेपोलियनविरुद्ध जाहीरनामा काढला आणि तो देवळादेवळांतून वाचायचा हुकूम सुटला. हा माणूस पॅरिसमध्ये ज्यूंची महासभा भरवतोय आणि स्वतःला मसीहा म्हणवून घेऊ पाहतोय, असा त्यातला आरोप. पुढच्याच जूनमध्ये झार अलेक्झांडर नेमान नदीतल्या तराफ्यावर त्याच नेपोलियनला भेटला आणि तिल्झितचा तह झाला. गावोगावच्या पाद्र्यांनी त्यानंतर काय तोंड दाखवलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

इंग्लंडमधली मंडळी जास्त अभ्यासू होती, आणि त्यांची बाजू वरवर दिसते तितकी पोकळ नव्हती. रॉबर्ट फ्लेमिंग या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकानं १७०१ मध्ये पोपशाहीच्या उदयास्तावर एक पुस्तक लिहिलं. त्यात फ्रान्सच्या राजसत्तेला १७९४ च्या सुमारास उतरती कळा लागेल, असा अंदाज होता. १७९३ च्या जानेवारीत सोळाव्या लुईचं डोकं गिलोटिनखाली गेलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हे पुस्तक पुन्हा छापून आलं. नव्वद वर्षांपूर्वीचा छापील पुरावा हातात पडल्यावर शहाण्या माणसानंही बायबल नव्यानं उघडलं, तर त्याला हसता येत नाही.

त्यांची किल्ली म्हणजे ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’. ‘प्रकटीकरणा’तले १२६० दिवस ही १२६० वर्षं धरायची, पोपच्या सत्तेची मुदत म्हणून. १७९८ च्या फेब्रुवारीत जनरल बर्तिए रोममध्ये शिरला, फ्रेंचांनी पोप सहाव्या पायसला धरून नेलं, आणि पुढच्या वर्षी हा पोप फ्रान्समध्ये वालाँस इथे कैदेतच वारला. १७९८ मधून १२६० वजा करा, ५३८ उरतात. मग ५३८ मध्ये असं काय घडलं होतं, त्याचा शोध सुरू झाला. मला इथेच खरी गोम दिसते. शेवट डोळ्यांसमोर घडला आणि आरंभ नंतर नेमला गेला. काहींना १७९३ हा शेवट जास्त पसंत होता. त्यांनी ५३३ धरलं, आणि जस्टिनियन बादशहाचं त्या सालचं पत्रही पुराव्याला हजर झालं.

या मंडळींत मला सर्वांत वेधक वाटतो जेम्स हॅटली फ्रिअर. १८१५ साली दानीएल, एज्रा आणि योहान यांची भविष्यं एकत्र जुळवणारं त्याचं पुस्तक निघालं. दानीएलच्या अकराव्या अध्यायातला, कुठल्याच देवाला न मानणारा राजा त्याला नेपोलियनमध्ये दिसला. हा कोणी पिसाट साधू नव्हता. लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करणारा, पुढे अंधांसाठी उठावदार लिपी तयार करणारा गृहस्थ. त्याचा बाप जॉन फ्रिअर यानं १७९७ मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन इथे सापडलेल्या दगडी हत्यारांबद्दल विद्वानांच्या संस्थेला पत्र लिहिलं होतं. ही हत्यारं अतिप्राचीन काळची असली पाहिजेत, कदाचित आपल्या जगाच्याही आधीची, असं त्यानं सुचवलं. बापानं बायबलच्या कालगणनेला भोक पाडलं, आणि मुलगा त्याच कालगणनेवर बोनापार्ट मोजत बसला!

आणि पुतण्या? १८१५ मध्येच जन्मलेला हा मुलगा पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला, मग मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्याच्या कारकिर्दीत पडल्या तो सर बार्टल फ्रिअर. आजच्या फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं ठरलं होतं. काकाचं भविष्यशास्त्र त्यानं कितपत मनावर घेतलं, हा वेगळा विषय.

वॉटर्लूनंतर हा खटाटोप आवरता घेतला जाईल, असं वाटतं. पण जॉर्ज स्टॅन्ले फेबर या पाद्र्यानं नवी जुळणी केली. श्वापदाचं एक डोकं तलवारीनं मेलं आहे, ते पुन्हा जिवंत होणार, म्हणजे फ्रान्समध्ये सम्राटपद परत येणार. २ डिसेंबर १८५२ ला तिसरा नेपोलियन गादीवर बसला. म्हाताऱ्या फेबरनं १८५३ मध्ये, ‘मी म्हटलं होतं’ अशा थाटात, त्यावर पुस्तिका काढली आणि पुढच्याच वर्षी डोळे मिटले. नव्या सम्राटाचं पाळण्यातलं नाव लुई, लॅटिनमध्ये लुडोविकुस. त्यातली रोमन आकड्यांची अक्षरं वेचा: ५०, ५, ५००, ५, १, १००, ५. पुन्हा ६६६. सोळाव्या लुईच्या नावाचीही बेरीज अर्थातच हीच होती.

१८६६ मध्ये हॅटली फ्रिअर वारला तेव्हा पुतण्या मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीत होता, आणि लंडनमध्ये मायकेल बॅक्स्टर नावाचा उत्साही प्रचारक तिसरा नेपोलियन अख्ख्या जगाचा सम्राट होणार, असं छापून सांगत होता. त्या सम्राटाची सेदाँची शरणागती अजून चार वर्षं लांब होती.